सासऱ्यांचा एकच ठोका

आमच्या सासऱ्यांनी आयुष्यात ट्रँगल एकदाच वाजवला, आणि त्या एका ठोक्यावर गेली एकेचाळीस वर्षं ते आमच्याकडून मान घेत आले आहेत. ट्रँगल म्हणजे लोखंडी सळई तीन बाजूंनी वाकवायची, दोऱ्याने टांगायची आणि दुसऱ्या सळईने टिचकी मारायची, की टिंग असा आवाज येतो. हे वाजवायला शिकावं काय लागतं, असं मी लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सहज विचारून बसलो. तेव्हापासून सासरे मला 'जावईबापू' म्हणतात आणि अहो-जाहो करतात. बाकी घरादाराशी त्यांचं अरेतुरे चालतं.

तो ठोका ज्या रेकॉर्डवर आहे, ती एका फ्रेंच संगीतकाराच्या संगीताची. माणूस मोठा होता म्हणतात, त्याच्या चार रचना जगभर वाजतात. आमच्या रेकॉर्डवर त्यातली एकही नाही. कुठल्याशा नाटकासाठी त्याने अख्ख्या वाद्यवृंदाचं संगीत लिहिलं, नाटक पाच प्रयोगांत पडलं आणि संगीत त्याच्यासोबत अडगळीत गेलं. पुढे कधीतरी आमच्या रेडिओच्या वाद्यवृंदाला ते काढावंसं वाटलं. का वाटलं, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. नाटकात एक बाई समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघते. वादळ येतं, गलबत कुर्र कुर्र करकरतं, मग वादळ शमतं, सगळी वाद्यं गप्प होतात आणि लांबवर एक दिवा दिसतो. तो दिवा म्हणजे सासऱ्यांचा टिंग. रेकॉर्डची दुसरी बाजू, एकविसावं मिनिट.

दर वर्षी, रेकॉर्डिंगच्या तारखेला जवळचा रविवार धरून, दुपारी चार वाजता सगळ्या कुटुंबाने सासऱ्यांच्या बाहेरच्या खोलीत जमायचं. खुर्च्या ते स्वतः मांडतात. दोन खुर्च्यांत बरोबर एक वीत अंतर, आणि ती वीत ते खरोखरच लावून बघतात. एकदा मी हातभार लावायला गेलो तर त्यांनी खुर्ची माझ्या हातातून अशी काढून घेतली, की मी चोरून नेत होतो असं परक्याला वाटावं. मग संगीत सुरू होतं. खोकायचं नाही, पाय हलवायचा नाही, उठायचं तर नावच नको. गलबत करकरलं की सासरे मान डोलावतात. शेवटी टिंग वाजतो, आम्ही सगळे त्यांच्याकडे बघतो, ते खाली बघतात, आणि सासूबाई चहा टाकायला उठतात.

या वर्षी मात्र त्या रविवारआधी कानाच्या डॉक्टरांकडे जाणं झालं. डावा कान गेलेलाच होता, उजवाही चाललाय, असं डॉक्टर म्हणाले. जाड आवाज बरेच दिवस टिकतील. आधी जातात ते बारीक, उंच आवाज. गाडीत बसल्यावर सासऱ्यांनी फक्त विचारलं, की रविवारला किती दिवस आहेत. गाडी मी चालवत होतो. मला एकदम भडभडून आलं, आणि माणसाने अशा वेळी तोंड उघडू नये, ते मी उघडलं. म्हणालो, "बाबा, रेकॉर्ड फार खरखरते. मी ती साफ करून आणतो. ठोका लख्ख ऐकू येईल."

मागच्या सीटवर बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी माझ्या खांद्याला चिमटा काढला, पण उशीर झाला होता. मी त्या घरात यापूर्वी एकच गोष्ट दुरुस्त केली होती. ते भिंतीतलं फडताळ होतं आणि आता ते तिथे नाही. सासऱ्यांनी तरीही रेकॉर्ड दिली. मात्र आधी कागदावर लिहून घेतलं, की अमुक वस्तू सुस्थितीत मिळाली, रविवारी चारच्या आत सुस्थितीत परत करीन. खाली माझी सही घेतली. मी नकाशांच्या कचेरीत वीस वर्षं इतरांच्या सह्या घेतोय, पण आपली सही देताना कसं वाटतं हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी संध्याकाळी मी रेकॉर्ड घेऊन जिना चढत असताना वरच्या मजल्यावरचे मास्तर भेटले. मास्तर रसायनशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहेत, पण शिकवायचं थांबलेले नाहीत. ते म्हणाले, दुकानात कशाला देता, खाचांत बसलेली धूळ आहे, कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ फडकं. मी मंगळवारी सकाळी, ही कामाला गेल्यावर, तसंच केलं. रेकॉर्ड अशी चमकली की मला स्वतःचा अभिमान वाटला. मास्तरांनी जिन्यातून ओरडून सांगितलं, की ती पुसू नका, आपोआप वाळू द्या. मी ती खिडकीत दोन पातेल्यांना टेकवून ठेवली. तेवढ्यात कचेरीतून फोन आला, की एक नकाशा उलटा जोडला गेलाय आणि दोन गावांच्या नद्या एकमेकांत शिरल्या आहेत. नद्या पूर्ववत करून मी दुपारी दोनला परत आलो, तेव्हा खिडकीत ऊन होतं आणि रेकॉर्डचा वाडगा झाला होता.

वाडगा म्हणजे चांगला खोलगट. त्यात पाणी राहिलं असतं.

मास्तर खाली आले, त्यांनी तो वाडगा हातात धरून फिरवून पाहिला आणि उन्हाबद्दल आपण काही बोललोच नव्हतो असं स्पष्ट केलं. त्यांच्या मागोमाग तळमजल्यावरचा शिंपी आला. त्याचं म्हणणं, जे उष्णतेने वाकतं ते उष्णतेनेच सरळ होतं. खाली जाड कापड, वर जाड कापड आणि कोमट इस्त्री. मास्तरांनी हे शास्त्राला धरून आहे असं सांगितलं. शिंप्याने इस्त्री आणली. दोन जाणत्या माणसांचं एकमत झाल्यावर मी कोण मधे बोलणारा? इस्त्री कोमट होती असं शिंपी आजही शपथेवर सांगतो. कापड उचललं तेव्हा रेकॉर्ड पुष्कळ सरळ झाली होती, आणि आतल्या कडेला, लेबलाच्या अगदी जवळ, इस्त्रीचं टोक उमटलं होतं. एकविसावं मिनिट नेमकं तिथेच होतं.

मी पलंगावर बसलो. एक म्हातारा माणूस आपला आवाज कदाचित शेवटचा ऐकणार होता, आणि तो आवाज मी इस्त्री करून टाकला होता. रेकॉर्ड नकाशांच्या मोठ्या पाकिटात घालून मी कपाटावर ठेवली. हिला सांगितलं की रेकॉर्ड दुकानात आहे. हिने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

बुधवारी रजा टाकून मी रेडिओच्या ध्वनिसंग्रहात गेलो. मूळ टेप तिथे असणारच. कचेऱ्यांतलं मला सगळं कळतं अशी माझी समजूत आहे, म्हणून मी अर्ज दोन प्रतींत लिहूनच नेला होता. संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी तो बाजूला ठेवला आणि आपला छापील अर्ज पुढे केला. त्यात नियम होता: प्रत फक्त रेकॉर्डिंगमधल्या कलाकाराला किंवा त्याच्या कुटुंबाला मिळेल. मी छाती पुढे काढून 'वादकाचा जावई' असं लिहिलं. वाद्य या रकान्यात 'ट्रँगल' लिहिलं. बाई म्हणाल्या, परवा या.

परवा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी बाईंनी एक जुनी जाड वही पुढ्यात घेतली होती. त्यांनी वादकांची यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. एकसष्ट नावं. सासऱ्यांचं नव्हतं. ट्रँगलवाला एक होता, पण त्याचं काम पहिल्या बाजूला होतं. दुसऱ्या बाजूच्या शेवटी ट्रँगल लिहिलेलाच नव्हता. मी म्हणालो, यादी चुकली असेल. बाई म्हणाल्या, इथल्या याद्या चुकत नाहीत. हेच वाक्य मी माझ्या कचेरीत रोज लोकांना ऐकवतो, ते ऐकणाऱ्याला कसं लागतं याची मला कल्पना नव्हती. मी आवाज चढवला. एकेचाळीस वर्षं आम्ही तो ठोका ऐकतोय, म्हणालो, माझ्या सासऱ्यांचा अपमान मी सहन करणार नाही. हे मी म्हणावं याचं मला स्वतःलाच नवल वाटलं.

बाईंनी शांतपणे पान उलटलं आणि वही माझ्याकडे फिरवली. रेकॉर्डिंगच्या दिवसाची नोंद होती. तिसरा टेक. मागच्या रांगेतली खुर्ची करकरली. ती हलवायला माणूस आत पाठवला. खुर्चीचा पाय टांगलेल्या ट्रँगलला लागून आवाज आला. समोर संचालकाचा एकच शब्द लिहिला होता: 'ठेवा.' त्याखाली होता चौथा टेक, खुर्चीशिवाय, शुद्ध. आणि पानाच्या तळाला कर्मचाऱ्यांच्या नावांत, 'खुर्च्या व स्टँड मांडणे' यापुढे, आमचे सासरे.

मी ते तीनदा वाचलं. रेकॉर्ड निघाली ती तिसऱ्या टेकवरून, बाईंनी सांगितलं, पण ती टेप पुढे पुसून दुसऱ्या कामाला वापरली. शिल्लक होता तो चौथा टेक. त्यांनी तो मला ऐकवला. वादळ, शांतता, बासरी, पुन्हा शांतता. आणि काहीच नाही. दिवा लागलाच नाही.

कर्मचाऱ्याच्या कुटुंबालाही सीडीवर प्रत मिळते असं निघालं. फक्त अर्ज दुरुस्त करावा लागला. 'वादकाचा जावई' खोडून मी 'खुर्च्या मांडणाऱ्याचा जावई' असं लिहिलं आणि खाली सही केली. त्या आठवड्यातली माझी ती दुसरी सही.

आता खरं सांगतो, घरी येताना माझ्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं. लग्न झाल्यापासून बावीस वर्षं ज्या माणसाने मला ऐकवलं, त्याची किल्ली माझ्या खिशात होती. रविवारी सीडी लावायची, टिंग येणार नाही, कुणीतरी विचारेल, आणि मी वहीतली नोंद वाचून दाखवायची. मी तो प्रसंग रस्ताभर रंगवला. त्यात माझं बोलणं फार संयमी होतं. पण घराशी पोचेपर्यंत मला गाडीतले सासरे आठवले, रविवारला किती दिवस आहेत असं विचारणारे, आणि माझी मलाच लाज वाटली. त्यांना ठोका ऐकू यायलाच हवा होता. टेपवर नव्हता तर तो मी वाजवायचा, एवढंच उरलं होतं.

मास्तरांनी त्यांच्या जुन्या शाळेतून ट्रँगल आणून दिला. सळई हातात धरू नका, दोऱ्याला धरा, नाहीतर आवाज मरतो, असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांचा तेवढा एकच सल्ला त्या आठवड्यात खरा निघाला. शनिवारी, ही बाजारात गेल्यावर, मी सीडी लावून अठ्ठावीस वेळा ठोका दिला. बासरी थांबल्यावर मनात चार आकडे, आणि पाचव्याला टिंग. पंधरा वेळा लवकर पडला, नऊ वेळा उशिरा, दोनदा दोरा तुटला, आणि दोनदाच बरोबर आला. शिंपी खालून विचारून गेला की घंटा विकायला आणलीत का.

रविवारी पावणेचारला आम्ही सासऱ्यांकडे पोचलो. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मी पहिल्यांदाच त्या नीट पाहिल्या. ओळ अशी सरळ होती की आमच्या कचेरीत पट्टी लावूनही तशी येत नाही. सासरे इस्त्रीच्या शर्टात शेवटच्या खुर्चीची वीत तपासत होते. इस्त्रीचा शर्ट बघून माझ्या कपाळाला घाम आला. मी सीडी मेव्हण्याकडे दिली, रेकॉर्ड दुकानात सुखरूप आहे म्हणून सांगितलं आणि आतल्या खोलीच्या पडद्यालगतची खुर्ची धरली. ट्रँगल खिशात, रुमालात गुंडाळलेला.

संगीत सुरू झालं. कसलीही खरखर नव्हती, स्वच्छ वाजत होतं. सासरे पुढच्या ओळीत, उजवा कान पुढे करून बसले होते. मी घड्याळ बघत होतो. वादळ आलं आणि ओसरू लागलं. एकोणिसाव्या मिनिटाला मी उठलो. बावीस वर्षांत त्या खोलीतून कुणी उठलं नव्हतं. हिने मागे वळून जे बघितलं, ते बघणं मी जन्मभर विसरणार नाही. मी पोटाला हात लावला आणि पडद्याआड गेलो.

आत अंधूक होतं. रुमाल सोडताना सळई खाली पडता पडता वाचली. दोरा डाव्या हातात, टिचकीची सळई उजव्या हातात. बासरी सुरू झाली. माझ्या कानांत माझंच रक्त ठणकत होतं, त्यात बासरी कधी थांबते ते कळेना. थांबली. एक. दोन. तीन. चार.

टिंग.

खोटं कशाला सांगू, असा ठोका मला पुन्हा कधी जमणार नाही. लख्ख, बारीक, लांबवर जाणारा. बाहेर सगळ्यांनी एकदम श्वास सोडलेला मला ऐकू आला. मी ट्रँगल खिशात कोंबला आणि पडद्याच्या फटीतून बघितलं. सगळे सासऱ्यांकडे बघत होते. सासरे खाली बघत नव्हते. कान पुढे करून ते अजून वाटच बघत होते. सीडी थांबली तरी ते तसेच होते.

"आला नाही," ते शेवटी म्हणाले.

ही म्हणाली, "आला की बाबा. इतका छान आला आज." मेव्हण्यानेही सांगितलं की अंगावर काटा आला.

"येणार कसा?" सासरे म्हणाले. "हा चौथा टेक आहे. गलबत करकरलं नाही."

कुणाला काही कळेना. मला कळलं, आणि मी पडद्याआड तसाच खिळलो.

"ते गलबत नव्हतं," सासरे म्हणाले. ते कुणाकडेच बघत नव्हते. "मागच्या रांगेतली खुर्ची होती. ती हलवायला मला आत पाठवलं, आणि तिचा पाय ट्रँगलला लागला. मी वादक नव्हतो. खुर्च्या मांडायचो. चौथ्या टेकला मी दाराबाहेर उभा होतो."

ही आणि मेव्हणा एकमेकांकडे बघायला लागले. सासूबाई मात्र जराही चकित झाल्यासारख्या दिसल्या नाहीत.

"माझं राहू दे," सासरे म्हणाले. "पण तुम्ही सगळे सांगता, आला. एक तर तुम्ही माझी समजूत घालताय. नाहीतर तो आला, आणि मला ऐकू आला नाही. यातलं काय, ते मला सांगा."

मी पडद्याआड उभा होतो आणि उत्तर माझ्या खिशात होतं. हो म्हटलं तर त्यांचा कान गेला. आयुष्यातला एकमेव बरोबर ठोका मी दिला होता, आणि तो दिला नाही असंच आता सांगावं लागणार होतं. मी बाहेर आलो.

"आला नाही, बाबा," मी म्हणालो. "तुमचं बरोबर आहे. हा चौथाच टेक आहे, संग्रहातून आणलेला. त्यात ठोका नाही, मी परवाच तिथे ऐकलाय. रेकॉर्ड माझ्याकडून खराब झाली."

ही आणि मेव्हणा दोघंही तोंड उघडणार होते. पण सासूबाईंची नजर माझ्या खिशाकडे गेली. खिशातून दोरा लोंबत होता. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नाही आला. सवयीने वाटलं आम्हाला. एकेचाळीस वर्षं तिथेच ऐकतोय ना."

सासऱ्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांचे खांदे सैल पडले. "म्हणजे कान आहे अजून," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते टिंगनंतरही कधी आलं नव्हतं. त्यानंतर लगेच त्यांनी विचारलं, की रेकॉर्ड खराब झाली म्हणजे नक्की काय झालं. मी सांगितलं. इस्त्री हा शब्द त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला. पुढची दहा मिनिटं मला जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. फडताळही निघालं. सहीचा कागदही निघाला. मेव्हणा, जो आयुष्यात कधी काही दुरुस्त करायला गेला नाही, तोसुद्धा मान हलवत होता.

चहा झाला. एक एक जण उठला. सासरे खुर्च्या आवरायला लागले, आणि मला म्हणाले, "या, एक टोक धरा." बावीस वर्षांत पहिल्यांदाच. लांब बाकासारखी जोडखुर्ची होती, लोखंडी. त्यांनी तिकडचं टोक धरलं, मी इकडचं. आम्ही ती उचलली, मी वळलो, आणि खुर्चीची कड माझ्या खिशावर आपटली.

टिंग.

रुमाल मी पडद्याआडच विसरलो होतो. ही दारात थिजली. सासूबाईंच्या हातातला कप अर्ध्यावर राहिला. मी सासऱ्यांकडे बघितलं. त्यांना ऐकू आलं नव्हतं. पण ते थांबले होते आणि खुर्चीवरच्या आपल्या हाताकडे बघत होते. लोखंडातून तो थरथराट तिकडच्या टोकाला पोचला होता.

त्यांनी हाताकडे बघितलं, मग माझ्या खिशाकडे, मग पडद्याकडे. ते सगळं जुळवत होते, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

"राहू दे," ते म्हणाले, "ठेव तसाच."

खुर्ची आम्ही भिंतीशी नेली. ती टेकवताना त्यांनी वीतभर जागा सोडली, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वर्षी पडद्यामागे नको. जरा जवळ उभा राहा."